मदत हवी आहे: शिकाऊ सॅक्सोफोनवादकांसाठी पियानोसह नव्या रचना लिहून घ्यायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात सॅक्सोफोन शिकवते. विद्यार्थी सगळे ऑल्टोवाले (सॅक्सचा मधल्या आकाराचा प्रकार). बरीचशी शाळकरी मुलं, काही कॉलेजातली, आणि निवृत्तीनंतर हौसेने वाद्य घेतलेले एक बँकवाले काका. सगळ्यांत जास्त रियाज काकांचाच असतो. परीक्षांच्या भाषेत सांगायचं तर (एकूण आठ ग्रेडपैकी) ग्रेड २ ते ४ च्या दरम्यान घुटमळणारी मंडळी.

अडचण अशी की यांना वाजवायला काय द्यावं हेच कळेनासं झालंय. सुरुवातीची पुस्तकं संपली की पुढे फ्रेंच परंपरेतल्या रचना येतात. सुंदर असतात, पण त्यातल्या बहुतेक पक्क्या वादकांसाठी लिहिलेल्या. फ्रेंच संगीतकार बोझाची 'आरिया' (१९३६) घ्या. कागदावर संथ, साधी दिसते, पण ती थेट मार्सेल म्यूलसारख्या दिग्गज सॅक्सवादकासाठी लिहिलेली आहे, आणि एवढी लांब वाक्यं पेलायची तर छाती तशी हवी. माझ्या बारा वर्षांच्या मुलीचा श्वास तिसऱ्या मापातच संपतो.

नाहीतर मग बॅकिंग ट्रॅकवर सिनेमाची गाणी. पालक खूश, गॅदरिंगमध्ये टाळ्या. पण ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. श्वासाला क्षणभर जास्त लागला तरी तो पुढे निघून जातो. समोर पियानोवर माणूस असला की तो ऐकतो, सावरून घेतो, कधी आपल्याला ओढून नेतो. दुसऱ्याचं ऐकत वाजवायचं असतं हे शिकवायला मला ट्रॅकचा काडीचा उपयोग झालेला नाही.

म्हणून डोक्यात आलंय की चार-पाच छोट्या रचना नव्याने लिहून घ्याव्यात. ऑल्टो आणि पियानो, प्रत्येकी तीन मिनिटांच्या आत. इथल्या कानाला परक्या वाटू नयेत, पण 'फ्यूजन'चा फलक लावलेल्याही नकोत. आणि सोप्या म्हणजे बाळबोध नकोत. काकांना बडबडगीत वाजवायला लावणं मला जमणार नाही.

मी आणि ओळखीचे दोन शिक्षक मिळून तीसेक हजार उभे करू शकू. एवढ्यात हे होतं का? संगीतकार कुठे शोधायचा: मुंबईतला अनुभवी अरेंजर, की कॉम्पोझिशन शिकणारा एखादा तरुण? 'सोपं' म्हणजे नेमकं काय हे त्याला कसं सांगायचं? आणि पैसे आपण दिले म्हणजे रचना आपली होते का? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १

गाणी आहेत तीच सोपी करून घ्या की. चाल तयार, कानात बसलेली. एवढ्या पैशात दहा अरेंजमेंट होतील.

प्रतिसाद २

वरच्यांना: सिनेगीताची अरेंजमेंट करून छापायची, वाटायची, यूट्यूबवर टाकायची तर मूळ हक्कधारकाची परवानगी लागते. क्लासच्या चार भिंतींत कोणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी. आणि चाल गळ्यासाठी बांधलेली असते. गायकाला सहज जाणारी जागा सॅक्सवर नेमकी अडचणीच्या बोटांवर येते.

प्रतिसाद ३

मडगावहून लिहितोय, बँडमध्ये ऑल्टो वाजवतो, थोडं शिकवतोही. संगीतकाराला 'सोपं लिहा' असं अजिबात सांगू नका. पियानोवर बसून लिहिणाऱ्याला सोपं म्हणजे कमी स्वर वाटतं. सॅक्सवर दोनच स्वर जीव काढू शकतात.

मधला सी शार्प आणि त्यावरचा डी ही जागा पाहा. सी शार्पला सगळी बोटं वर, डीला सहा बोटं खाली आणि अंगठ्याने ऑक्टेव्ह की (वरच्या सप्तकात नेणारी कळ). ग्रेड २ च्या मुलाला ही ओलांड संथ लयीत द्यावी, जलद तुकड्यात नको. खालचे सी, बी, बी फ्लॅट हळू आवाजात मागू नका. ते नवख्याकडून एकतर येत नाहीत, नाहीतर भोंग्यासारखे येतात. वर पाम कीचे (तळहाताने दाबायच्या कळांचे, सगळ्यांत उंच) स्वर टाळा किंवा पर्यायी ओळ द्या. माझ्या मते लिखित (म्हणजे सॅक्सच्या कागदावरचा) खालचा डी ते वरचा बी एवढ्यात तीन मिनिटं भरपूर बोलता येतं.

श्वासाच्या खुणा संगीतकारानेच लिहून द्याव्यात, आणि मध्ये पियानोला एकट्याला चार-आठ मापं द्यावीत. मुलाचे ओठ तेवढ्यात विसावतात. नवशिका दमतो तो ओठांनी, बोटांनी नव्हे.

आता सूर. ऑल्टो ई फ्लॅटचं वाद्य. त्याचा लिखित सी म्हणजे पियानोचा ई फ्लॅट, आपल्या पेटीवर काळी दोन. पियानो बी फ्लॅट मेजरमध्ये असला की सॅक्स जी मेजरमध्ये, एकच शार्प. पियानो एफमध्ये तर सॅक्स डीमध्ये. दोघांनाही झेपतं. पण पियानोवाल्याच्या सोयीसाठी सी मेजर धरला की सॅक्सला ए मेजर येतो, तीन शार्प. एवढं एक वाक्य पत्रात घातलंत तरी निम्मं काम झालं.

प्रतिसाद ४

मी गाणारी, सॅक्समधलं काही कळत नाही. पण ओळखीचं हवं असेल तर भूप किंवा दुर्गा का नको? पाचच स्वर, मुलांच्या कानात आधीच असतात.

प्रतिसाद ३ वाले पुन्हा

चांगली सूचना, फक्त षड्ज विचारपूर्वक ठरवा. लिखित जीला सा धरून भूप वाजवा: जी, ए, बी, आणि मग एकदम वरचा डी. म्हणजे गंधारावरून पंचमावर जाताना एका बोटावरून सहा बोटं अधिक ऑक्टेव्ह की. भूपात ग-प तर पावलोपावली! लिखित डीला सा धरला (पेटीवर सफेद चार) तर अख्खं मध्य सप्तक ऑक्टेव्ह कीशिवाय निघतं, ती ओलांड फक्त तार षड्जाला येते. पण मग मंद्रात उतरायची सोय राहत नाही. मंद्र धैवत म्हणजे तो खालचा बी. ग्रेड २ ला डी, ग्रेड ४ ला मुद्दाम जी, असं मी करेन.

मींड या पातळीवर मागू नये. सॅक्सवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या कदरी गोपालनाथांचं ऐकून सगळ्यांना मोह होतो, पण त्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं घालवली आणि वाद्यातही बदल करून घेतले. ओठ पक्के नसताना मींड म्हणजे नुसतं बेसूर होणं.

प्रतिसाद ५

मी साथीला पियानो वाजवते, म्हणून दुसऱ्या बाजूने. साथीदार मिळणार कोण? बहुतेक वेळा दुसरा विद्यार्थी, किंवा घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड असलेला भाऊ. त्यावर खालचे बास स्वर नसतात आणि पेडल बरेचदा जोडलेलं नसतं. पियानोचा भाग ६१ पट्ट्यांत बसेल आणि पेडलशिवायही पोकळ वाटणार नाही, अशी अट घालाच. शिकाऊंसाठीच्या कित्येक संग्रहांत सॅक्स ग्रेड २ चा आणि पियानो ग्रेड ६ चा असतो. मग मैफल शिक्षकच वाजवतो आणि मूल बाजूला उभं राहतं.

मला तर दोघेही सारख्याच पातळीचे हवेत. सॅक्सची ओळ पियानोने दुहेरी वाजवू नये, पण पहिला स्वर कुठे मिळेल याचा इशारा दोन मापं आधी द्यावा.

प्रतिसाद ६

हक्कांबद्दल. पैसे दिल्याने रचना तुमची होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार पहिला मालक रचनाकार. पैसे देऊन काढून घेतलेलं छायाचित्र, पोर्ट्रेट, चित्रपट यांना अपवाद आहे. संगीतरचना त्या अपवादात नाही. मालकी मागूही नका, महाग पडेल आणि गरज नाही. परवाना मागा: तुमच्या तिघांच्या विद्यार्थ्यांसाठी प्रती काढणं, कार्यक्रमात वाजवणं, व्हिडिओ टाकणं.

हे लेखी हवं, आणि मुदत व प्रदेश लिहाच. मुदत न लिहिल्यास कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश न लिहिल्यास फक्त भारत. व्हिडिओ टाकणार असाल तर 'जगभर' हा शब्द हवा. संगीतकार आयपीआरएसचा (संगीतकार-गीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा) सभासद आहे का, हेही आधी विचारून घ्या.

प्रतिसाद ७

न्यू जर्सीतून. लेक शाळेच्या बँडमध्ये सॅक्स वाजवते. इकडे यासाठी 'कन्सॉर्शियम' करतात: वीस-तीस शिक्षक थोडे थोडे पैसे घालतात, प्रत्येकाला प्रत मिळते, स्कोअरवर सगळ्यांची नावं छापतात, पहिलं वर्ष वाजवायचा हक्क फक्त त्यांना. वर्षानंतर संगीतकार ती मोकळेपणी विकतो. मोठ्या वादकांनीही हा मार्ग वापरलाय. अमेरिकी सॅक्सवादक केनेथ रॅडनॉफ्स्की यांनी जगभरच्या सॅक्सवादकांना एकत्र आणून संगीतकार जॉन हार्बिसनकडून सोनाटा लिहून घेतला, तो १९९० च्या दशकात. तुम्ही तिघेच का? गोवा, मुंबई, कोल्हापूर, बंगळुरू इथले शिक्षक जोडा. माणशी दोन-तीन हजार कोणाला जड जात नाहीत.

अवांतर: सगळे पैसे आधी देऊ नका. बॉस्टनच्या एलिझ हॉल या हौशी सॅक्सवादक बाईंनी १९०१ मध्ये फ्रेंच संगीतकार देब्यूसीला रचना सांगितली. त्याने पैसे घेतले, खर्चून टाकले आणि वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. १९१८ मध्ये तो गेला तेव्हा वाद्यवृंदाची मांडणी बाकीच होती. ती दुसऱ्याने १९१९ मध्ये पुरी केली.

प्रतिसाद २ वाले

देब्यूसी फ्रीलान्सर होता तर! बाकी शिकाऊंसाठी रचना लिहून घेणं हे वाद्याचा जनक अडॉल्फ सॅक्सनेही केलं होतं. १८५७ पासून तो पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटॉरमध्ये (सरकारी संगीतशाळेत) लष्करी बँडच्या मुलांना शिकवायचा. या नव्या वाद्याला परीक्षेत वाजवायला काही नव्हतंच, म्हणून संगीतकार मित्र सिंजले वगैरेंकडून पियानोसह तुकडे लिहून घेऊन स्वतः छापले. १८७० मध्ये तो वर्ग बंद पडला, तुकडे अजून वाजतात. तेव्हा ताई, तुम्ही जुन्याच वाटेवर आहात.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३ आणि ५ छापून क्लासच्या भिंतीवर लावले आहेत.

आतापर्यंत ठरलेलं: पाच नाही, आधी दोनच रचना. एक ग्रेड २ ची, लिखित डीला षड्ज धरून. दुसरी ग्रेड ४ ची, जिथे ती ग-प ओलांड मुद्दाम असेल. पियानो ६१ पट्ट्यांत. मानधन तीन हप्त्यांत: सुरुवातीला, कच्चा मसुदा हाती आल्यावर, आणि मुलांनी वाजवून पाहिल्यानंतरच्या दुरुस्त्या झाल्यावर. तिसरा हप्ता दुरुस्त्यांशी बांधण्यावर माझा आग्रह आहे. कागदावर वाजणारं आणि बारा वर्षांच्या मुलीच्या हाती वाजणारं यांत फार फरक असतो.

संगीतकाराचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. एका अनुभवी अरेंजरशी बोलले. त्यांनी नमुना म्हणून आठ मापं पाठवली. ऐकायला झकास, पण श्वासाला जागाच नाही, आणि मसुदा बदलण्याची कल्पना त्यांना फारशी रुचली नाही.

प्रतिसाद ५ वाल्या

मग तरुण माणूस घ्या, पण तो एक महिना तुमच्या क्लासला येऊन बसेल या अटीवर. त्या महिन्याचं वेगळं मानधन द्या. माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, कॉम्पोझिशन शिकतेय, स्वतः क्लॅरिनेट वाजवते, म्हणजे रीड आणि श्वास दोन्ही ठाऊक. तिला विचारून व्यनि (खाजगी निरोप) करते.

प्रतिसाद ३ वाले

कन्सॉर्शियम केलंत तर मडगावचे आम्ही दोघे शिक्षक धरा. फक्त एक विनंती: टेनरसाठीही (ऑल्टोहून मोठा, खालच्या सुराचा, बी फ्लॅटचा सॅक्स) वेगळी प्रत हवी. माझ्याकडे निम्मी पोरं टेनरवाली आहेत.

धागाकर्ती

टेनरचं लिहून ठेवलं. पण पियानोचा भाग तोच ठेवायचा तर टेनरला बोटं बदलतात आणि ओलांड भलत्याच जागी येते. ग्रेड २ ची रचना टेनरसाठी खालच्या सुरात नव्याने उतरवून, पियानोचीही वेगळी प्रत काढावी लागेल असं दिसतंय. सॉफ्टवेअरमध्ये ते काम क्षणाचं आहे, पण पियानोवाल्यांनो, ६१ पट्ट्यांची अट तेव्हाही पाळली जाईल ना, हे कोणीतरी तपासून द्याल का?