रोड्स बेटावर एक दिवस: खासगी गाडी घ्यावी की नाही?

मेधा_ठाणे

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण अथेन्सहून क्रूझने निघतोय. मी, नवरा, नववीतला मुलगा आणि माझे आईबाबा. बाबा ७६ वर्षांचे. डाव्या गुडघ्याची वाटी बदलून दीड वर्ष झालं. सपाटीवर माझ्यापेक्षा भराभर चालतात, पण उतार आला की चेहरा बदलतो. आई ठणठणीत आहे, मात्र पक्की शाकाहारी. अंडंसुद्धा चालत नाही.

बोट रोड्सला सकाळी आठला लागते आणि साडेपाचला सगळ्यांनी परत यायचंय. बोटीची बसटूर माणशी ८५ युरो, म्हणजे पाच जणांचे सव्वाचारशे, आणि बसमध्ये पन्नास माणसं. एका खासगी व्हॅनवाल्याने आठ तासांचे ३८० सांगितलेत. त्याची यादी अशी: लिंडोस, कॅलिथिया, फिलेरिमॉस, फुलपाखरांची दरी, जुनं शहर आणि 'कोलोससची जागा' (कोलोसस म्हणजे प्राचीन काळी इथे उभा असलेला प्रचंड पुतळा). एवढं सगळं होतं का एका दिवसात? ड्रायव्हरच गाईडचं काम करतो का? बाबांना लिंडोस झेपेल का? नवरा म्हणतो बोटीचीच बस घेऊ, उशीर झाला तरी बोट आपल्याला टाकून जाणार नाही. घरात दोन तट पडलेत.

बव्हेरियाचा_बाळ्या

लिंडोसला साधी एसटीसारखी बस जाते, नव्या बाजाराजवळून. ५० किमी, दीड तास धरा. मी तशीच गेलो होतो, उभ्याने. एकटा होतो, पंचविशीचा होतो, म्हणून मजा आली. आईबाबांना घेऊन हा उद्योग करू नका. पाच जण असाल तर गाडीच घ्या, हिशोबातही तीच बसते.

सुरुची_नाशिक

गाडी घ्या, पण 'वाटेत कुठे थांबणार' हे आधी लेखी घ्या, ही कळकळीची विनंती. आमच्या गाडीवाल्याने (नाव घेत नाही) लिंडोसच्या वाटेवर मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात 'फक्त दहा मिनिटं' म्हणून उतरवलं. चाकावरचं प्रात्यक्षिक, मग दालन एक, दालन दोन, मग खाली गालिचे. पाऊण तास गेला. बाहेर पडताना माझ्या हातात ४५ युरोची निळी बशी होती आणि बाहेर ड्रायव्हर कॉफी पीत होता. बशी सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण त्या पाऊण तासापायी आम्ही लिंडोसला भर बारा वाजता पोचलो आणि सासूबाई पायथ्याशीच बसल्या.

कालवा_निवृत्त

मेधाताई, मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, त्यामुळे माझ्या सांगण्यात पाणी जरा जास्त येईल. गाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आणि सौ. रोड्सला चार दिवस होतो. मुलगा फ्रँकफर्टला असतो, त्याने एक दिवस खासगी गाडी ठरवून दिली होती. तो एक दिवस आणि उरलेले पायी हिंडण्याचे तीन, यावरून माझं मत असं झालंय की गाडी घ्या, पण आठ तास घेऊ नका. पाच किंवा साडेपाच तास घ्या, आणि तेही फक्त शहराबाहेरच्या जागांसाठी.

कारण जुनं शहर तुमच्या बोटीच्या अगदी समोर आहे. धक्क्यावर उतरलात की तटबंदी दिसते, बाबांच्या चालीनेही दहा-पंधरा मिनिटांत वेशीतून आत. आत पर्यटकांच्या गाड्या जात नाहीत. म्हणजे 'जुनं शहर' यादीत टाकून गाडीवाला तुम्हाला वेशीपाशी सोडणार आणि तुम्ही आत हिंडत असताना त्याचं मीटर चालू राहणार.

दुसरी गोष्ट, ड्रायव्हर म्हणजे गाईड नव्हे. ग्रीसमध्ये प्राचीन स्थळांच्या आत माहिती सांगायला परवानाधारक गाईडच लागतो. आमचा ड्रायव्हर गाडीत अखंड बोलायचा. कुठलं ऑलिव्ह चांगलं, कुठला मेव्हणा वाईट, सगळं. पण लिंडोसला गाव सुरू झालं तसा गप्प झाला आणि म्हणाला, इथून पुढे तुम्ही. तेव्हा घरूनच थोडं वाचून जा, नाहीतर गाईडचे पैसे वेगळे धरा.

आता क्रम. आठला उतरलात की कुठेही न थांबता लिंडोस, तासाभराचा रस्ता. बोटीच्या बसगाड्या भरून निघेपर्यंत तुम्ही निम्मा चढ चढलेले असाल. अॅक्रॉपॉलिसचा, म्हणजे गावावरच्या प्राचीन गडाचा खडक समुद्रापासून ११६ मीटर उंच आहे, गावातून वर साधारण तीनशे पायऱ्या. चढ बाबांना जमेल, थांबत थांबत. खरी परीक्षा उतरताना, कारण दगड पावलांनी घासून आरशासारखे झालेत आणि कठडा सगळीकडे नाही. घडीची काठी न्याच. गाढवं मिळतात, पण ती तिकीटघराच्या अलीकडेच सोडतात, शेवटचा उभा जिना आपल्याच पायांनी चढायचा असतो. आणि गाढवाच्या पाठीवर शंभर किलोपेक्षा जास्त भार नको, असा नियम तिथल्या सरकारला २०१८ मध्ये काढावा लागला, यावरून काय ते समजा.

बाबा दमले तर त्यांना तिकीटघराच्या आत आल्यावर, त्या शेवटच्या जिन्याच्या आधी थांबवा. तिथे डाव्या हाताला कड्यातच जहाजाची वरवंडी कोरलेली आहे, म्हणजे नावेचा मागचा, वर वळलेला भाग. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. वरचा सपाट भाग एका पुतळ्याचा चौथरा होता. पुतळा गेला, जहाज राहिलं. जवळ जाऊन बघा, वल्ह्याचं टोकसुद्धा दिसतं. माझी सौ. तिथेच बसली आणि मी एकटा वर जाऊन आलो. वर सरदारांचा (मध्ययुगात या बेटावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती योद्ध्यांचा) कोट, मग खांबांची ओवरी, मग रुंद जिना आणि कड्याच्या टोकाला अथेनाचं देऊळ. खाली सेंट पॉलची खाडी. तिची दोन टोकं चिमट्यासारखी जवळ आलेली आहेत. परत आलो तर सौ.ने माझ्यापेक्षा जास्त बघितलं होतं. येणाजाणाऱ्यांपैकी जहाजाकडे किती जण वळून बघतात ते मोजत होती. दहात दोन.

लिंडोसचाच एक क्लिओबुलोस. ग्रीकांच्या सात शहाण्या माणसांत त्याची गणना होते. 'प्रमाणात असावं तेच उत्तम' हे वचन त्याच्या नावावर आहे. आपलं 'अति तेथे माती'च की हो. तुमच्या गाडीवाल्याची यादी त्याला दाखवली पाहिजे.

परतीच्या वाटेवर एप्ता पिगेस, म्हणजे सात झरे. हे यादीत नाही, मागून घ्या. गर्द झाडी, खळाळतं पाणी आणि मोर. हो, मोर बघायला ग्रीसला! बेट इटलीच्या ताब्यात होतं तेव्हा इटालियनांनी या झऱ्यांचं पाणी कोलिंबियाच्या शेतीला न्यायला डोंगरातून १८६ मीटरचा बोगदा काढला. त्यातून चालत जाता येतं, घोटाभर गार पाण्यातून. आत मिट्ट काळोख, खांदे दोन्हीकडे घासतात, समोरचा माणूस मध्येच थांबला की मागची सगळी रांग थांबते. मी चपला हातात घेऊन गेलो आणि सबंध बोगदाभर हाताने भिंत चाचपत राहिलो. उतार इतका बेताचा दिलाय की पाणी पळत नाही आणि तुंबतही नाही. बाहेर आलो तेव्हा ड्रायव्हरला वाटलं मला काहीतरी झालं, मी इतका खूश होतो. तुमच्या नववीतल्याला जरूर पाठवा. बाबांना नको.

मग वेळ उरला तर कॅलिथिया, नाहीतर सरळ वेस. फिलेरिमॉस पश्चिमेच्या अंगाला आहे, ते सोडा.

कॅमिरॉसही पश्चिमेलाच, तुमच्या वाटेवर नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी ते मागितल्यावर ड्रायव्हर म्हणाला, 'दगड आहेत, नुसते दगड.' खरंय, उतारावर पसरलेलं अख्खं गाव आहे दगडांचं. पण सगळ्यात वर एक टाकं आहे, ६०० घनमीटरचं. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकातलं. ६०० घनमीटर म्हणजे सहा लाख लिटर. दहा हजारी टँकर धरला तर साठ टँकर! आत गिलावा, उतरायला पायऱ्या, आणि तिथून उतारावरच्या घरांना पाणी. आपल्या गडांवरची टाकी आणि औरंगाबादला मलिक अंबरने आणलेली नहर, दोन्ही एकदम आठवले. मी तिथे चाळीस मिनिटं उभा होतो. ड्रायव्हरने सौ.ला विचारलं, साहेबांचं काही हरवलंय का?

'कोलोससची जागा' म्हणजे मांद्राकी बंदराच्या तोंडाशी दोन खांब आणि त्यावर हरीण नि हरिणी. ड्रायव्हर सांगतो, पुतळ्याचा एक पाय इकडे होता नि एक तिकडे, मधून जहाजं जायची. ऐकून घ्या आणि सोडून द्या. पुतळा होता सुमारे ३३ मीटरचा. एवढी तंगडी फाकवली असती तर भूकंपाची वाटच बघावी लागली नसती. इ.स.पू. २८० च्या सुमारास उभा राहिला, २२६ च्या भूकंपात पडला. गुडघ्यातून मोडला असं स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय.

मेधा_ठाणे

काका, किती मनापासून लिहिलंत! तुमची पोस्ट घरात मोठ्याने वाचली. गुडघ्याच्या वाक्याला बाबा एवढे हसले की चहा सांडला. गाडीवाल्याला कळवलंय: साडेपाच तास, लिंडोस आणि सात झरे, दुकानं नाहीत. २७० वर आला. उशिराच्या भीतीवर नवऱ्यासाठी उतारा असा काढलाय की दीड वाजता वेशीपाशी सोडायचं, मग बोट चालत जाण्याइतकी जवळ. फुलपाखरांच्या दरीवर मात्र मुलगा अडून बसलाय. आणि आईच्या जेवणाचं कुणी सांगेल का?

पतंगवाली

मुलाला सांगा, फुलपाखरं नव्हेत ती, पतंग आहेत. मिटलेले पंख काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, उघडले की आत केशरी-लाल. उन्हाळ्यात त्या दरीतल्या गारव्याला हजारोंनी येऊन झाडांच्या खोडांना चिकटून बसतात. सप्टेंबर संपता संपता फार थोडे उरतात. आणि गर्दीच्या दिवसांत लोक टाळ्या वाजवून त्यांना उडवतात, उडाले की फोटो चांगला येतो म्हणून. त्या काळात पतंग साठवलेल्या ताकदीवर जगत असतात, उगाच उडवलं की ती संपते आणि अंडी घालण्याआधीच मरतात. तिथे पाट्या लावल्यात, कोण वाचतं! पुन्हा कधी जुलैत गेलात तर जा, गुपचूप बसून बघा.

सुरुची_नाशिक

जेवणाचं मी सांगते. 'पितारुदिया' मागवा. वाटलेल्या काबुली चण्यात टोमॅटो, कांदा, पुदिना घालून तळलेले वडे, रोड्सचा खास पदार्थ. अंडं घातलंय का ते मात्र विचारा. द्राक्षाच्या पानांतले डोल्मादेस भाताचेही असतात आणि खिम्याचेही, म्हणून 'होरीस क्रेआस' हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे मांसाशिवाय. टोमॅटोच्या रश्शातले मोठे पांढरे घेवडे (यिगांदेस) पावाबरोबर छान लागतात. आणि 'मेलेकुनी' घ्याच. तीळ, मध, बदाम, संत्र्याची साल. तिकडे लग्नात वाटतात. आमच्या सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, 'संक्रांत झाली की गं.'

मेधा_ठाणे

आलो परत, परवाच. काका, तुमच्या क्रमाने गेलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी लिंडोस, वर जाताना जेमतेम वीस माणसं. बाबा जहाजापाशी थांबले. आई, जिला आम्ही धरून नेणार होतो, ती देवळापर्यंत गेली आणि वरून बाबांना हात करत होती. त्यांना काही दिसत नव्हतं, पण तेही उगाच हात हलवत होते.

उतरताना तुमची काठी (म्हणजे तुम्ही सांगितलेली) कामी आली. एका वळणावर मात्र बाबा बसून सरकले, चक्क. मागून एक जर्मन बाई येत होत्या, त्याही बसल्या.

बोगद्यात मुलगा आणि मी गेलो. मध्यावर पुढच्या कुणाच्या तरी मोबाईलचा दिवा गेला आणि सगळी रांग थांबली, तुम्ही लिहिलं होतं तस्संच. उताराचं मला काही कळलं नाही, थंडीने पाय बधिर झाले होते. जुन्या शहरात सरदारांच्या गल्लीत निम्म्यापर्यंतच गेलो. गोट्यांची फरशी बाबांना सोसेना. मग एका चौकात बसून पितारुदिया दोनदा मागवले (अंडं नव्हतं, विचारलं). साडेचारला बोटीवर होतो. नवरा अजून मान्य करत नाही.

मांद्राकीला ड्रायव्हरने न सांगता गाडी थांबवली आणि 'एक पाय इकडे, एक पाय तिकडे' सुरू केलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला मराठीत म्हणाले, याला सांग, वेळेवर वाटी बदलली असती तर अजून उभा असता.

कालवा_निवृत्त

बाबांना नमस्कार सांगा. आणि मुलाला विचारा, बोगद्यात पाणी कुठल्या बाजूला वाहत होतं? त्याने नक्की बघितलं असेल.