आंतरराष्ट्रीय संबंध: चिकित्सक सिद्धांत कुठून वाचायला घेऊ?

निरगुडी
नमस्कार मंडळी. एम.ए. राज्यशास्त्र, दुसरं वर्ष. वास्तववाद, उदारमतवाद समजले, पण चिकित्सक सिद्धांतापाशी गाडी अडली आहे. नोट्समध्ये फ्रँकफर्ट (जर्मन विचारवंतांचा गट), इटलीचा मार्क्सवादी ग्रामची, जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास अशी नावं ओळीने येतात. त्यांचा देशादेशांतल्या राजकारणाशी संबंध काय, तेच कळत नाही. फ्रँकफर्ट गटातल्या हॉर्कहायमरचा १९३७ चा निबंध उघडला आणि काही पानांतच दमले. महिनाभर वेळ आहे. काय वाचू, कोणत्या क्रमाने?

पारावरचा
हॉर्कहायमर सध्या बाजूला ठेवा. रॉबर्ट कॉक्सचा १९८१ चा, 'मिलेनियम' या नियतकालिकातला लेख आधी घ्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत वीसहून जास्त वर्षं काढून मग प्राध्यापकीकडे वळलेला माणूस; त्यामुळे कारखाना, मजूर, राज्यसंस्था हे सगळं त्याच्या लिखाणात एकत्र येतं. सिद्धांत कायम कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो, हे त्याचं म्हणणं. एक प्रकारचा सिद्धांत आहे ती व्यवस्था गृहीत धरून तिच्यातल्या अडचणी सोडवतो. दुसरा, म्हणजे चिकित्सक, विचारतो की ही व्यवस्था मुळात आली कुठून.

वाचताना अण्वस्त्रप्रसारबंदी करार शेजारी ठेवा. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला, तेच करारात अण्वस्त्रधारी: अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्रिटन, फ्रान्स, चीन. 'सहावा देश कसा रोखायचा?' हा पहिल्या प्रकारचा प्रश्न. ती तारीख कुणी आखली, आणि इतक्या देशांनी आपणहून सही का केली, हा दुसरा. अणुऊर्जेसाठी मदत आणि मोठ्यांच्या निःशस्त्रीकरणाचं आश्वासन, यावर ती संमती मिळाली. ग्रामचीचं धुरीणत्व इथे लख्ख दिसतं: धाक असतोच, पण कारभार चालतो संमतीवर. भारताने करार भेदभावाचा म्हणून सही केली नाही, तो मुद्दाही यात बसवून पाहा.

कोरा_कागद
क्रम पटला, पण त्याआधी वास्तववादी वॉल्ट्झच्या १९७९ च्या पुस्तकातलं निदान एक प्रकरण वाचाच. कॉक्स कुणाशी भांडतोय ते माहीत नसेल तर त्याचं भांडण अर्धंच कळेल.

सोनचाफा
स्त्रीवादी बाजूने कॅरल कोन, १९८७ चा लेख. अणुयुद्धाची गणितं मांडणाऱ्या तज्ज्ञांमध्ये ती राहिली, त्यांची भाषा शिकली. त्या भाषेत क्षेपणास्त्रांच्या बचावाला शब्द होते, होरपळणाऱ्या माणसांना नव्हते. मी तो वाचून रात्रभर जागी होते. मग सिंथिया एन्लो: केळीच्या मळ्यांतल्या, लष्करी तळांभोवतीच्या, राजदूतांच्या घरातल्या बायका आंतरराष्ट्रीय राजकारणात कुठे असतात, हे तिने शोधलं.

निरगुडी
सगळ्यांचे आभार! पण स्त्रीवाद 'चिकित्सक सिद्धांता'त धरायचा का? दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात.

पारावरचा
मराठीत 'सिद्धांत'चं एकवचन-अनेकवचन सारखंच, म्हणून हा घोळ. एक सिद्धांत म्हटलं तर फ्रँकफर्ट आणि ग्रामचीची परंपरा. अनेक म्हटले तर स्त्रीवादी, वसाहतोत्तर, उत्तरसंरचनावादी (भाषेतून सत्ता कशी चालते ते पाहणारे) सगळे आले. उत्तरपत्रिकेत पहिल्याच ओळीत कुठला अर्थ घेतला ते लिहा.

निरगुडी
वॉल्ट्झचं एक प्रकरण, मग कॉक्स, मग कोन. कराराचा मसुदा आजच छापून घेते.