मदत हवी आहे: स्पर्धेत रिसीव्हर आणि मायक्रोफोनच्या पातळ्या कशा जुळवाव्यात?

नमस्कार,

हौशी रेडिओच्या एसएसबी (आवाजाने संपर्क साधण्याची एक पद्धत) स्पर्धांमध्ये तासन् तास बसताना आवाजाच्या पातळ्यांच्या दोन अडचणी मला सतत जाणवतात. दोन्हींमुळे हेडफोनमधला आवाज कधी कानठळ्या बसवणारा तर कधी ऐकूच न येणारा होतो, म्हणून त्या एकत्र मांडत आहे.

पहिली अडचण प्रक्षेपणाची आहे. ‘सीक्यू’ची (कोणत्याही स्टेशनला उद्देशून दिलेली) हाक संगणकात रेकॉर्ड केलेली असून ती लॉगिंगच्या प्रोग्रॅममधून यूएसबी केबलद्वारे रेडिओला जाते, आणि कोणी उत्तर दिले की मी हेडसेटवर प्रत्यक्ष बोलतो. रेकॉर्ड केलेली हाक चालू असताना एएलसीचा (प्रक्षेपणाची पातळी आपोआप मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचा) काटा पट्ट्याच्या बाहेर जातो, प्रत्यक्ष बोलताना मात्र तो जेमतेम हलतो. मायक्रोफोनचा गेन (प्रवर्धन) वाढवून पाहिला, पण कॉम्प्रेसर (बारीक आणि मोठ्या आवाजातला फरक कमी करणारी सोय) चालू असल्यामुळे दोन शब्दांच्या मधल्या जागेत पंख्याची घरघर वर येते. शिवाय मॉनिटरमधून (स्वतःचे प्रक्षेपण ऐकवणाऱ्या सोयीतून) कानात येणारा माझाच आवाज हाकेच्या वेळी मोठा आणि बोलताना बारीक असतो.

दुसरी अडचण ऐकण्याची, आणि मला तीच अधिक गंभीर वाटते. रात्री ४० मीटरच्या बँडवर एखादे बलवान स्टेशन शेजारी येऊन बसले की त्याच्या प्रत्येक शब्दाबरोबर माझ्या फ्रिक्वेन्सीवरचा दुबळा सिग्नल दबतो, आणि ते थांबताच खरखर एकदम उसळते. हात सारखा व्हॉल्यूमच्या नॉबवर राहतो आणि काही तासांनी कान इतके थकतात की स्पष्ट आलेला कॉलसाइनसुद्धा (स्टेशनचे ओळखचिन्ह) पुन्हा विचारावा लागतो. प्रीअँप (सिग्नल आधीच वाढवणारा), अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा), आरएफ गेन (रेडिओ सिग्नलचे प्रवर्धन) आणि एजीसी (ऐकण्याची पातळी आपोआप सांभाळणारी यंत्रणा) यांना कोणत्या क्रमाने हात लावावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

प्रक्षेपणाच्या बाजूबद्दल लिहितो. बहुतेक आधुनिक रेडिओंमध्ये मायक्रोफोनचा गेन फक्त मायक्रोफोनलाच लागू असतो आणि यूएसबीवरून येणाऱ्या आवाजाची पातळी मेन्यूमध्ये स्वतंत्र असते, त्यामुळे एक नॉब फिरवून दोन्ही कधीच जुळणार नाहीत. आधी डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती शोषून घेणारा भार) जोडा, कॉम्प्रेसर बंद ठेवा आणि स्पर्धेत बोलता त्याच जोराने मायक्रोफोनवर बोला; शांतपणे ‘एक, दोन, तीन’ म्हणून लावलेली पातळी पाइल-अपमध्ये (अनेक स्टेशने एकाच वेळी हाक देतात तेव्हा) आवाज चढला की निरुपयोगी ठरते. शब्दांच्या शिखरांवरच एएलसी हलेल इतका गेन ठेवा. त्यानंतर कॉम्प्रेसर चालू करून शिखरांवर ६ ते १० डेसिबलच्या पुढे जाऊ नका. शांत जागेतली घरघर कॉम्प्रेशनच्या जवळपास तितक्याच डेसिबलने वर येते, म्हणून पंख्यावरचा खरा उपाय गेन वाढवणे हा नसून मायक्रोफोन ओठांच्या कडेला, दोन बोटांच्या अंतरावर आणणे हा आहे.

हे पक्के झाल्यावरच यूएसबीची पातळी कमी करत न्या. हाक त्याच हेडसेटवर, त्याच जोरात पुन्हा रेकॉर्ड केलीत तर काम फार सोपे होईल, कारण केवळ शिखरे जुळवून भागत नाही, सरासरी जोरही जुळावा लागतो. संगणकातील सूचनांचे आवाज त्या साउंड डिव्हाइसवरून वळवायला विसरू नका. शेवटी इंटरनेटवरील एखाद्या एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या) रिसीव्हरवर स्वतःचा सिग्नल ऐका. एएलसी पट्ट्याबाहेर ढकलून सिग्नल बलवान होत नाही, तो रुंद होतो, आणि त्याची शिक्षा शेजाऱ्याला भोगावी लागते.

प्रतिसाद २

रात्रीच्या ४० मीटरवर प्रीअँप बंदच असावा. अँटेना काढल्यावर खरखर लक्षणीय कमी होत असेल तर रिसीव्हरची संवेदनशीलता पुरेशी आहे, आणि तसे असताना आणखी प्रवर्धन केल्याने सिग्नलबरोबर खरखरही तितकीच वाढते. १२ डेसिबलचा अॅटेन्युएटर लावला की एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा) सुमारे दोन एस-युनिटने उतरतो. ते पाहून घाबरू नये, कारण सिग्नल आणि खरखर यांतील अंतर तसेच राहते.

माझ्या मते आपल्या थकव्याचे मूळ एजीसीमध्ये आहे. पूर्ण आरएफ गेनवर एजीसी खरखरीलासुद्धा सिग्नलच्या जवळपास आणून ठेवतो. आरएफ गेन इतका उतरवा की रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर खरखर जेमतेम ऐकू येईल, आणि मग व्हॉल्यूम वाढवा. असे केल्यावर दुबळी आणि बलवान स्टेशने कानाला वेगवेगळ्या जोराची वाटतात, आणि पाइल-अपमध्ये कॉलसाइन वेगळा काढायला नेमका तोच फरक उपयोगी पडतो. शेजारच्या स्टेशनासाठी फिल्टर १.८ किलोहर्ट्झपर्यंत अरुंद करा. मात्र फिल्टर एजीसीच्या आधी असेल तरच सिग्नल दबणे थांबेल. ऑडिओच्या टप्प्यावरील फिल्टर शेजाऱ्याचा आवाज कापतो, दाबणे तसेच राहते. एजीसी मध्यम ठेवा, कारण जलद एजीसीवर प्रत्येक शब्दामागे खरखर उसळते.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आरएफ गेन उतरवताच पाइल-अप उलगडून ऐकू येऊ लागला, आणि यूएसबीची स्वतंत्र पातळीही मेन्यूत सापडली. एक प्रश्न उरतो: २० मीटरवर पूर्ण शक्तीने बोलताना एएलसी मध्येच उडी मारतो आणि मॉनिटरमध्ये आवाज फाटतो. इतर बँडवर असे होत नाही.

प्रतिसाद १

तीच शक्ती डमी लोडवर देऊन पाहा. तेथे आवाज स्वच्छ असेल तर अँटेनाची आरएफ ऊर्जा मायक्रोफोनच्या किंवा यूएसबीच्या केबलमध्ये शिरत आहे. एकेक केबल काढून दोषी कोणती ते ठरवा आणि तिचे काही वेढे फेराइट रिंगमधून (आरएफ अडवणाऱ्या चुंबकीय कड्यातून) घ्या. तोपर्यंत गेनला हात लावू नका.