युद्ध ही ‘छाटणी’ आहे काय? तासगावकरांच्या पोस्टला उत्तर

कऱ्हाडकर :
कारगिल विजय दिनाच्या सकाळी आपल्या गटावर तासगावकरांनी लिहिले की, ‘युद्ध ही निसर्गाची छाटणी आहे, ती झाली नसती तर पृथ्वीवर पाय ठेवायला जागा उरली नसती.’ त्यावर पसंतीच्या अंगठ्यांचा पाऊस पडला, म्हणून सविस्तर लिहितो. दुसऱ्या महायुद्धात सैनिक आणि नागरिक मिळून ६ कोटींहून अधिक माणसे मेली, तरीही १९४० साली सुमारे २३० कोटी असलेले जग १९५० साली सुमारे २५० कोटींवर पोहोचले होते. मग जागा कोठे झाली? शिवाय तासगावकर, बागेत काडी आपण निवडून छाटता. युद्ध नेमकी फळ धरणारी काडी छाटते, वीस ते तीस वर्षांची.

आपल्याकडचेच पाहा. पहिल्या महायुद्धात हिंदी फौजेतील सुमारे ७४ हजार माणसे गेली. सातारा जिल्ह्यातील एकट्या अपशिंगे गावातून ४६ जण परतले नाहीत. मात्र १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या सुमारे ८ लाखांनी घटली, ती काही या ७४ हजारांमुळे नव्हे. जनगणनेच्या इतिहासात घट दाखवणारे ते एकमेव दशक आहे आणि तिचे मुख्य कारण १९१८ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची (‘स्पॅनिश फ्लू’ची) साथ, जिने अगदी कमी धरले तरी १ कोटी २० लाख माणसे नेली. म्हणजे रणांगणावर पडलेल्या एका शिपायामागे घरी दीडशेहून अधिक माणसे गेली. युद्धाचा मृत्यू मोजायचा तर तो खंदकात नव्हे, घरात मोजावा लागतो.

तासगावकर :
छाटणीवरून माझी बाग काढण्याचे कारण नव्हते. आपण मानमोडी युद्धाच्या खात्यावर कशी घातली, एवढे सांगा. स्पेन त्या युद्धात तटस्थ होता, तरी तेथेही साथ होतीच. १९१८ साली आपल्याकडे पावसाने दगा दिला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. दुष्काळाचे मढे युद्धाच्या दारात का टाकता? १८९६ पासून प्लेगने आपली गावे ओस पाडली, तेव्हा कोणते महायुद्ध चालू होते?

कऱ्हाडकर :
पावसाचे मान्य, पण अर्धेच. १९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरावर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई आधी आजारी पडले, ते फौजेची ये-जा चालू असलेल्या बंदरावर. अनेक सरकारी डॉक्टर लढाईच्या कामावर गेलेले होते आणि धान्याचे भाव युद्धामुळे आधीच चढलेले होते. रोगजंतूला बंदूक लागत नाही हे खरे, परंतु त्याला आगबोट लागते आणि समोर उपाशी माणूस लागतो.

मिरजेची सून :
आपण दोघेही पुरुषांचेच हिशेब मांडत आहात, म्हणून लिहिते. माझे माहेर वाळवा तालुक्यातले. आजीच्या स्वयंपाकघरात विरजणाच्या भांड्यावर हातभर नव्हे, पण चांगली पाच इंच रुंद काशाची जड चकती झाकण म्हणून असे. तिच्यावर सिंह होता, हातात हार घेतलेली बाई होती आणि उठावाच्या इंग्रजी अक्षरांत आमच्या थोरल्या पणजोबांचे नाव होते, हुद्दा नव्हता. मेलेल्या सैनिकाच्या घरी सरकारने पाठवलेली ती चकती. त्याच घरात मानमोडीत त्यांची बायको आणि दोन मुली आठवड्याच्या आत गेल्या. आजाऱ्यांना पाणी पाजणारी बाई शेवटी स्वतः पडे. देशभरात त्या साथीत बायका पुरुषांपेक्षा अधिक मेल्या, त्याचे हे एक कारण सांगतात. त्या तिघींची चकती नाही. गावच्या नोंदीत कारण एकच : ‘ताप’.

जुन्या नकाशांचा नादी :
एक पुस्ती. आज सांगली जिल्ह्यात असलेला वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा १९४९ साली वेगळा झाला आणि त्याचे सांगली हे नाव १९६० सालचे. जुनी नोंद सांगलीत शोधाल तर हात हलवत परताल.

माणदेशी :
नकाशे राहू द्या. मुळात ही पोरे गेली कशासाठी, हे कोणी विचारत नाही. आमच्या माण-खटावात पाऊस नाही, म्हणून पोटासाठी भरती झाली. मनिऑर्डर आली की चूल पेटे. तुम्ही कृष्णाकाठच्या बागाईतदारांनी त्याला शौर्याची कमान बांधली आणि वर ‘छाटणी’ म्हणता! ज्याच्या रानाला पाणी आहे, त्यालाच माणसे जास्त झाल्यासारखी वाटतात.

माजी सैनिक, कोरेगाव :
शब्द जपून वापरा. माझे पणजोबा ११०व्या मराठा पलटणीतून आजच्या इराकमधील कूत-अल-अमाराच्या वेढ्यात होते. पोटासाठी गेले असतील, पण तेथे टिकले ते पोटासाठी नव्हे. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली, तोवर उपासमार आणि स्कर्व्ही यांनी पलटण पोखरली होती, आणि कैदेच्या वाटेवर आणखी माणसे पडली. आमच्या घरी ते आले, पण दातांवाचून.

कऱ्हाडकर :
सुभेदारसाहेब, आपण माझाच मुद्दा मांडलात, तोही रागाने. तेथेही गोळीबरोबर भूक आणि रोग होतेच.

माजी सैनिक, कोरेगाव :
मी सुभेदार नव्हतो, हवालदार होतो. मुद्दा आपला असेल, तर असो.

मिरजेची सून :
आणि ‘संख्या भरून निघते’ हे कऱ्हाडकरांचे गणितही मला खटकते. सोव्हिएत संघाच्या १९५९च्या जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे २ कोटींनी अधिक होत्या, म्हणजे युद्ध संपून १४ वर्षे झाल्यावर. एकूण आकडा भरतो. त्या बायकांच्या घरातली जागा भरत नाही.

कऱ्हाडकर :
हे मला सुचायला हवे होते.

तासगावकर :
एवढ्या विद्वानांपुढे माझा काय पाड? ‘छाटणी’ हा शब्द मागे घेतो; बागेतल्या माणसाने तो बागेपुरताच ठेवायला हवा होता. मानमोडी मात्र मी अजूनही दुष्काळाच्याच खात्यावर धरतो. ताई, ती चकती हल्ली कोठे आहे?

मिरजेची सून :
धाकट्या काकांकडे. विरजण आता फ्रीजमध्ये लागते, म्हणून माळ्यावर.