मदत हवी आहे: अमेरिकेच्या जनगणनेतील वांशिक टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर का जाते?

अबोली | सोमवार, रात्री 10.40

नमस्कार. गुरुवारी संध्याकाळी मुलाच्या शाळेतील पालकसभेत मला पाच मिनिटे बोलायचे आहे आणि त्यासाठी केलेला तक्ता काही केल्या जुळत नाही. 2010 च्या रकान्यात गोरे 53.3, कृष्णवर्णीय 23.6, आशियाई 10.6 आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांशी मूळ जोडलेले) 20.1 टक्के आहेत. या चौघांचीच बेरीज 107.6 होते, आणि 'इतर' व 'मिश्र' तर मी अजून धरलेलेही नाहीत. 2020 च्या रकान्यात गोरे 32.5, कृष्णवर्णीय 26.9, आशियाई 13.2 आणि हिस्पॅनिक 23 टक्के आहेत, आणि ही बेरीज मात्र शंभराच्या आत राहते. दहा वर्षांत गोऱ्यांचे प्रमाण जवळजवळ 21 ने घसरले, हाच आकडा आमच्या भागातील एका गटात 'गोरे लोक पळून चालले आहेत' अशा मथळ्याखाली फिरतो आहे. मला त्याला नीट उत्तर द्यायचे आहे. कृपया लवकर सांगावे.

दशांश | सोमवार, रात्री 11.15

काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) कोणती, आकडे कोठून घेतले आणि तक्त्याचे शीर्षक काय होते, हे तिन्ही कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

अबोली | सोमवार, रात्री 11.32

बेरजेचा प्रश्न कोणत्याही काउंटीत सारखाच असेल असे मला वाटले होते. जॉर्जियातील ग्विनेट काउंटी. 2010 चे आकडे एका ज्ञानकोशाच्या पानावरून घेतले आणि 2020 चे जनगणना खात्याच्या संकेतस्थळावरून. दुसऱ्या तक्त्याच्या शीर्षकात 'हिस्पॅनिक ऑर लॅटिनो' असे शब्द होते, त्यापलीकडे मी पाहिले नाही.

नकाशावेडा | मंगळवार, सकाळी 7.05

दशवार्षिक जनगणना बाजूला ठेवा आणि अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे (जनगणना खात्याच्या नमुना सर्वेक्षणाचे) पाच वर्षांचे आकडे घ्या, असे मी सुचवेन. मी कामासाठी नेहमी तेच वापरतो. त्यात भाषा, जन्मस्थान, उत्पन्न असे सर्व काही मिळते. डिसेंबर 2016 मध्ये ग्विनेटला स्पॅनिश मतपत्रिका बंधनकारक झाल्या, तेही याच सर्वेक्षणाच्या आधारे ठरले होते.

दशांश | मंगळवार, सकाळी 8.20

अबोलीताई, तुमच्या शीर्षकातच उत्तर आहे. अमेरिकेच्या 2010 आणि 2020 च्या जनगणनांत वंश आणि हिस्पॅनिक मूळ हे दोन वेगळे प्रश्न होते, त्यामुळे एकच माणूस 'गोरा' आणि 'हिस्पॅनिक' अशा दोन्ही ठिकाणी मोजला जाऊ शकत होता. 2010 चे तुमचे 53.3 टक्के म्हणजे वंशाच्या प्रश्नाला केवळ 'गोरा' असे उत्तर देणारे सर्वजण, आणि त्यांत हिस्पॅनिकही आले. 2020 च्या तक्त्यात हिस्पॅनिक आधी बाजूला काढून उरलेल्यांची वंशवार विभागणी केलेली आहे, म्हणून तेथील 32.5 टक्के हे बिगर-हिस्पॅनिक गोरे आहेत. एक माप शेराचे आणि दुसरे किलोचे, तर वजाबाकी जुळणार कशी? बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांचे 2010 मधील प्रमाण 44 टक्के होते. म्हणजे घट साधारण साडेअकराची आहे, एकवीसची नाही.

नकाशावेडा यांच्याशी मी सहमत नाही. ते सर्वेक्षण नमुन्यावर आधारलेले असते, त्याच्या प्रत्येक आकड्यासोबत त्रुटीची मर्यादा छापलेली असते, आणि पाच वर्षांची सरासरी घेऊन 1 एप्रिल 2010 व 1 एप्रिल 2020 या दोन तारखांची तुलना होत नाही.

नकाशावेडा | मंगळवार, सकाळी 9.40

त्रुटी निदान छापलेली असते, हाच माझा मुद्दा आहे. 2020 च्या जनगणनेत गोपनीयतेसाठी आकड्यांत मुद्दाम थोडा फेरफार केलेला आहे, ही गोष्ट किती वाचकांना ठाऊक असते?

दशांश | मंगळवार, सकाळी 10.05

त्या फेरफाराचा परिणाम एखाद्या गल्लीच्या आकड्यावर जाणवतो. साडेनऊ लाखांच्या काउंटीत तो नगण्य आहे.

जुना_प्रवासी | मंगळवार, दुपारी 1.30

या निमित्ताने आपल्या लोकांचा इतिहासही लक्षात ठेवावा. 1920 ते 1940 च्या जनगणनांत 'हिंदू' हा चक्क एक वंश म्हणून नोंदवला जात होता, मग माणूस शीख असो वा मुसलमान. 1923 मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्याच्या दृष्टीने गोरा नाही असे ठरवले. तरीही 1970 च्या जनगणनेत आपण गोऱ्यांत मोजले गेलो, आणि 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र चौकोन 1980 मध्ये आला. माणसे तीच राहिली, रकाने बदलत गेले.

स्वाती२ | मंगळवार, दुपारी 4.10

माझ्या नातीचे वडील गोरे आणि आई मराठी आहे. अशा मुलांसाठी दोन्ही चौकोनांत खूण करता येते, हे अनेकांना माहीत नसते. 2000 पासून ती सोय आहे, तेव्हा पुढच्या वेळी सर्वांनी ती अवश्य वापरावी.

अबोली | मंगळवार, संध्याकाळी 6.50

चौकोन कसा भरावा हे मी विचारलेले नाही, पण नोंद घेते. दशांश, आपले मनापासून आभार. आता खरा प्रश्न विचारते. साडेअकरा तर साडेअकरा, पण तेवढे लोक काउंटी सोडून गेले असे म्हणता येईल का?

दशांश | मंगळवार, रात्री 9.25

नाही, आणि हेच सभेत सावकाश समजावून सांगावे असे मला वाटते. ग्विनेटची लोकसंख्या 2010 मध्ये 8,05,321 होती आणि 2020 मध्ये 9,57,062 झाली. 44 टक्के म्हणजे सुमारे 3 लाख 54 हजार आणि साडेबत्तीस टक्के म्हणजे सुमारे 3 लाख 11 हजार. प्रत्यक्ष घट साधारण 43 ते 44 हजारांची आहे. आता असे समजा की एकही बिगर-हिस्पॅनिक गोरा माणूस कमी झाला नसता. तरीही 3 लाख 54 हजारांना 9 लाख 57 हजारांनी भागल्यावर 37 टक्केच आले असते. म्हणजे साडेअकरापैकी सुमारे सातची घट छेद, म्हणजे एकूण लोकसंख्या, वाढल्यामुळे, इतर लोक येथे येऊन राहिल्यामुळे आणि त्यांच्या घरी मुले जन्मल्यामुळे झाली. उरलेल्या साडेचारमध्ये कोण गेले, कोण वारले, याचा हिशेब जनगणना ठेवत नाही. ती दहा वर्षांच्या अंतराने येणाऱ्या दोन ठरावीक तारखांची शिरगणती आहे.

नकाशावेडा | मंगळवार, रात्री 10.15

येथे मी दशांश यांच्या बाजूने एक भर घालतो. त्या साडेचारपैकी काही भाग निव्वळ नोंदीच्या पद्धतीचा असू शकतो. 2020 मध्ये 'गोरा' या चौकोनाखाली मूळ लिहिण्यासाठी जागा आली, आणि प्रत्येक उत्तरातील 30 ऐवजी 200 अक्षरे टिपली जाऊ लागली. देशभरात 'दोन किंवा अधिक वंश' असलेल्यांची संख्या 2010 मधील 90 लाखांवरून 3 कोटी 38 लाखांवर गेली. एवढी वाढ केवळ जन्मांनी होत नाही. जनगणना खात्यानेही बदललेली रचना आणि संकेतन (उत्तरांचे वर्गीकरण) हे तिचे एक मोठे कारण म्हणून सांगितले आहे.

मास्तरीण | बुधवार, सकाळी 6.30

सभा शाळेची आहे, मग मुलांचे आकडे का घेत नाही? जनगणनेचा हिस्पॅनिक मूळ व वंश दाखवणारा 'पी2' तक्ता सर्व वयांचा आहे आणि 'पी4' अठरा व त्यापुढील वयाचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की अठराखालील मुले मिळतात. मी दर वेळी असेच करते, आणि मुलांचे चित्र मोठ्यांपेक्षा बरेच वेगळे निघते.

अबोली | बुधवार, रात्री 8.45

ती वजाबाकी आज दुपारी करून पाहिली आणि तक्त्याला वेगळा रकाना जोडला. मुख्य वाक्य असे लिहिले आहे: 'ग्विनेटमध्ये बिगर-हिस्पॅनिक गोऱ्यांचे प्रमाण 2010 ते 2020 या काळात साडेअकरा टक्क्यांनी घटले आणि त्यातील मोठा भाग काउंटी वाढल्यामुळे आहे.' हे चालेल का?

दशांश | बुधवार, रात्री 9.10

'साडेअकरा टक्क्यांनी' असे लिहू नका, 'साडेअकरा टक्केबिंदूंनी' असे लिहा; टक्केबिंदू म्हणजे दोन टक्केवारींची थेट वजाबाकी. 44 वरून 32.5 ही टक्केवारीने पाहता 26 टक्क्यांची घट ठरते, आणि सभेत कोणी तो आकडा पुढे केला तर तोही खोटा नसेल. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात मात्र 'गोरे' ऐवजी 'केवळ गोरे, बिगर-हिस्पॅनिक' असे पूर्ण लिहा.