'कॅज' : मासे विकणारा फुकट्या कसा झाला?

प्रश्न : एका भाषांतरात 'कॅज' (cadge) हे इंग्रजी क्रियापद सतत येतंय. 'भीक मागणे' फार जड वाटतं. 'उसनं घेणे' चालेल का? आणि हा शब्द आला कुठून?

उत्तर : उसनं नको. उसनं परत द्यायचं असतं. लोकलमध्ये शेजाऱ्याला "मधलं पान द्या हो जरा" म्हणालात आणि दादरला पेपर परत केलात, तर ते कॅज नव्हे. पण ज्याच्या खिशात स्वतःची चंची कधीच नसते आणि जो रोज "काढा की चिमूटभर" म्हणत तुमच्या बाकड्यावर टेकतो, तो तंबाखू कॅज करतो. वस्तू लहान, बोलणं गोड, परतफेडीचा विचारच नाही. ब्रिटनमध्ये सिगारेट किंवा गाडीतली लिफ्ट अशी कॅज करतात.

मूळ मात्र कष्टाचं आहे. पंधराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये 'कॅजर' म्हणजे घोड्यावर करंड्या लादून गावोगाव माल नेणारा फिरता विक्रेता. त्याच शतकातल्या रॉबर्ट हेन्रिसन या स्कॉटिश कवीची एक प्राणिकथा आहे. कोल्हा रस्त्यात मेल्याचं सोंग घेऊन पडतो. याच्या कातड्याचे हातमोजे होतील म्हणून खूश झालेला कॅजर त्याला उचलून हेरिंग माशांच्या करंड्यांवर टाकतो, आणि कोल्हा एकेक मासा खाली भिरकावत जातो. म्हणजे आजच्या अर्थाने कॅजर आहे तो कोल्हा! मला ही कथा फार आवडते, कारण तिच्यात नाव कष्टकऱ्याचं आहे आणि पुढे ते चिकटलं फुकट्याला.

हा पालट पुढे भटक्यांच्या आणि चोरांच्या बोलीत झालेला दिसतो. जेम्स हार्डी व्हॉक्स या ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या कैद्याने 1812 मध्ये त्या बोलीचा कोश लिहिला. त्यात 'कॅज' म्हणजे सरळ भीक मागणे. दारोदार फिरणं राहिलं, करंडीतला माल तेवढा गेला.

प्रश्न : शिकारी ससाणे ज्या चौकटीवर बसवून नेत, तिलाही 'कॅज' म्हणतात. ती वाहणाऱ्या म्हाताऱ्यांवरून हा शब्द आला असं वाचलं होतं.

उत्तर : ती गोष्ट गोड आहे, पण काळ जुळत नाही. चौकटीच्या अर्थाचा 'कॅज' सतराव्या शतकातला, कॅजर त्याच्या कितीतरी आधीचा.

भाषांतरात लिफ्टसाठी 'पटकावली' आणि सिगारेटसाठी 'गोड बोलून उकळली' असं मी लिहीन. नुसतं 'उकळली' नको, त्यात दमदाटीचा वास येतो.