पेन्शनवर आलेल्या जवानानं पुन्हा वर्दी चढवावी का?

रामबागकर
माझा थोरला भाऊ सिग्नल्समधून, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागातून, हवालदार म्हणून पेन्शनवर आला, त्याला अजून वर्ष व्हायचंय. वय ३९. शेवटची पोस्टिंग महूला, म्हणजे इंदूरच्या घरापासून तासाभरावर. आता त्यानं डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, जायचं ठरवलंय आणि नातेवाइकांत एकच सूर: "एवढी देशसेवा केली, आता गेटवर चौकीदारी करणार का?"

हा सूर मला मुळीच पटत नाही. डीएससी १९४७ पासून आहे. दारूगोळ्याची कोठारं, हवाई दलाचे तळ, नौदलाच्या गोद्या यांची राखण तिच्याकडे, आणि ती करणारे बहुतेक जण दादासारखेच एकदा डिस्चार्ज घेऊन आलेले फौजी. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या तळावर हल्ला झाला, त्यात डीएससीचे पाच जण गेले. त्यांतले जगदीश चंद तेव्हा लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, होते, हातात शस्त्र नव्हतं. अतिरेक्याशी झटापट करून त्याचंच हत्यार हिसकावलं, त्याला मारलं आणि मग स्वतः पडले. याला चौकीदारी म्हणायचं?

आणि इथे माजी सैनिकाला सहज मिळतं काय? मॉलच्या दारावर बारा तासांची ड्युटी, पगार ठेकेदाराच्या मर्जीवर. तिथे उभं राहिलं तर कुणी काही बोलत नाही. माझं मत स्पष्ट आहे, दादानं जावं.

लोकमान्यनगरची सून
तुमच्या दादांबद्दल आदर ठेवूनच लिहिते. काम हलकं की भारी, हा मुद्दाच नाही. माझे मिस्टर पेन्शनवर आले तेव्हा लेक सहावीत होती. प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला ती माझ्याकडेच यायची. हे शेजारी बसलेले असायचे, तरी वही माझ्यापुढे. ह्यांनी एकदाही तक्रार केली नाही, नुसते बघत राहायचे. तिनं आपणहून ह्यांच्या हातात पेन द्यायला वर्ष गेलं. त्या वर्षात हे पुन्हा ट्रंक भरून निघाले असते, तर ते पेन कधीच हातात आलं नसतं.

तुम्ही पठाणकोट लिहिलंत, ठेकेदार लिहिलात. वहिनी काय म्हणतात, ते कुठेच नाही.

दोन डिस्चार्ज बुकं
मी डीएससी करून आलोय, म्हणून आधी हिशोब सांगतो. पहिलं पेन्शन चालू राहतं, वर पगार. नोकरी वयाच्या ५५ पर्यंत. दुसरं पेन्शन हवं तर डीएससीची वेगळी १५ वर्षं भरायला लागतात. म्हणजे चाळिशी उलटायच्या आत भरती व्हायला हवं. ४२ ला गेलेल्याची १३ वर्षं होतात. पगार मिळतो, दुसरं पेन्शन नाही. थोडक्यासाठी अडकलेले कितीतरी जण, वर्षभरापर्यंतची तूट माफ करा म्हणून सशस्त्र दल न्यायाधिकरणात गेलेत. शिवाय मेडिकल शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा दर्जा, पाहिजे. पेन्शनवर आल्यावर पोट सुटतं, बीपी निघतं, तिथेच बरेच जण गळतात.

आता मनाची गोष्ट. हवालदार असलात तरी भरती शिपाई म्हणूनच. कन्नूरच्या सेंटरला जाण्याआधी जुन्या शर्टावरच्या हुद्द्याच्या फिती मी स्वतः ब्लेडनं उसवल्या. त्या जागचं कापड तेवढंच गडद राहिलं होतं, लांबूनही तीन फिती ओळखू यायच्या. हे पचवता येत असेल तरच जावं. मला आलं, आणि त्या नोकरीवर दोन पोरं शिकली.

राऊचा अभ्यासू
काका, माझा आक्षेप नेमका इथेच आहे. जनरल अनिल चौहान मे २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल म्हणून निवृत्त झाले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सीडीएस, म्हणजे संरक्षण दलांचे प्रमुख, होऊन चार ताऱ्यांसह वर्दीत परतले. त्याआधी जूनमध्ये सरकारनं नियम बदलून निवृत्तांसाठी वाट मोकळी केली होती. त्यांच्या योग्यतेबद्दल प्रश्नच नाही. पण जनरलचा अनुभव परत येताना मोलाचा ठरतो आणि हवालदाराचा शून्यावर येतो, हे कुठल्या न्यायानं? सिग्नल्सचा माणूस आयुष्यभर रेडिओ आणि लाईन सांभाळतो, त्याला पहारेकरी म्हणून उभं करणं हे सैन्याचंच नुकसान.

दादांनी बँकेची परीक्षा द्यावी. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांत माजी सैनिकांना १४.५ टक्के आरक्षण आहे, केंद्राच्या गट क मध्ये १० टक्के. अग्निपथमुळे चार वर्षांनी फक्त पंचवीस टक्के पोरं आत राहणार, बाकीची नोकरी शोधत बाहेर येतील. गर्दी व्हायच्या आत नंबर लावा.

दोन डिस्चार्ज बुकं
फितींचं म्हणशील तर तुझं बरोबर आहे, हा अन्यायच आहे आणि तो आमच्या पिढीनं निमूट सोसला. पण वीस वर्षं गणिताचं पुस्तक न उघडलेल्या माणसाला परीक्षेला बसवायचं म्हणजे दोन वर्षं गेलीच. तोवर डीएससीच्या दुसऱ्या पेन्शनचं दार बंद.

रामबागकर
वहिनीचं विचारलंत, सांगतो. ती नको म्हणत नाही. पुतण्या आठवीत आहे, त्याची दहावी होऊ दे, मग जा, एवढंच तिचं म्हणणं. पण दोन वर्षांनी दादा ४१ चा, म्हणजे ५५ ला १४ वर्षं. नेमकं एक वर्ष कमी. घरात सगळं इथेच अडलंय. मी अजूनही म्हणतो आत्ताच जावं, क्वार्टर मिळालं की दोघांना बोलावून घ्यावं.

दोन डिस्चार्ज बुकं
क्वार्टरच्या भरवशावर राहू नका, नंबर लागायला वेळ जातो. जबलपूर मागून बघा, रात्रीच्या गाडीनं घरी येता येतं. मिळेलच असं नाही.

लोकमान्यनगरची सून
दहावीच्या ऐन वर्षात शाळा बदलून पोराला न्यायचं, हे तुम्ही एका वाक्यात लिहून मोकळे झालात. वहिनींनी अडवलेलं नाही, दोनच वर्षं मागितलीत, तीही स्वतःसाठी नाही. बँक होवो न होवो, दादांनी ही दोन वर्षं घरी काढावीत. पहिलं पेन्शन चालू आहे, कुणी उपाशी राहत नाही. दुसरं पेन्शन हातात पडेल तेव्हा तुमचा पुतण्या तिशीला आलेला असेल. बापाची गरज त्याला आत्ता आहे.